प्रति: बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय
घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर उतरलं की त्यात पाणी भरत राहा असं वर एकाने सुचवलंय ते मला अजिबात पटत नाही, कारण प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो आणि खोल्या तापवणारे जुने रेडिएटर आतून गंजत जातात, मग तोच काळा गाळ पंपात जाऊन बसतो. गळती कुठेच दिसत नसेल तर आधी एक्स्पान्शन टाकी बघा (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी, रबरी पडद्यामागे हवा भरलेली टाकी). प्रेशरचा काटा बॉयलर थंड असताना १ बारवर (बार म्हणजे प्रेशरचं एकक) आणि तापल्यावर ३ च्या जवळ जात असेल तर बहुतेक टाकीतली हवा गेलीये, आणि प्रेशर जास्त झालं की उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गुपचूप पाणी बाहेर सोडतोय. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन जरा दाबा, पाणी आलं तर आतला रबरी पडदा फाटलाय, टाकी बदलावीच लागते. आमच्याकडे नुसती हवाच कमी होती, बॉयलर थंड करून सिस्टीमचं प्रेशर शून्यावर आणलं आणि सायकलच्या पंपाने भरली (किती बार ते टाकीवरच लिहिलेलं असतं), त्यानंतर पाणी भरावं लागलेलं नाही.