बिलाच्या फॉर्मवर बेरजेऐवजी #एरर

चादर-टॉवेलच्या बिलात खाली #एरर येतो, आणि रक्कम ओळीत मात्र बरोबर दिसते, असं तुम्ही लिहिलंय. ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, याचं नेहमीचं कारण म्हणजे फूटरमधलं (फॉर्मच्या तळाच्या पट्टीतलं) =सम([रक्कम]). 'रक्कम' हा टेबलातला रकाना नाही, फॉर्मवर गुणाकार दाखवणारा चौकोन आहे. सम हे बेरजेचं फंक्शन फक्त टेबल किंवा क्वेरीतले (टेबलातून माहिती काढणाऱ्या प्रश्नातले) रकाने ओळखतं. म्हणून फूटरमध्ये =सम([नग]*[दर]) असंच लिहा. त्याहून बरं म्हणजे गुणाकार क्वेरीतच करून घ्या, मग रिपोर्टलाही तोच चालतो. बेरीज फॉर्म फूटरमध्येच हवी, पेज फूटरमध्ये सम चालत नाही.

चादर 12 नग, दर 450, म्हणजे 5400. टॉवेल 40 नग, दर 85, म्हणजे 3400. बेरीज 8800 आली, पण तिच्यात मिळवायच्या हमालीचा रकाना रिकामा राहिला की एकूण बिल कोरं दिसतं. रिकामं म्हणजे शून्य नव्हे, त्यात काहीही मिळवलं तरी उत्तर रिकामंच. तिथे रिकाम्याला शून्य धरणारं एनझेड([हमाली],0) घालाच.

चौकोनाचं नावही तपासा. सूत्र असलेल्या चौकोनाचं नाव सूत्रातल्याच रकान्याचं असेल तर तो स्वतःलाच शोधत बसतो आणि पुन्हा #एरर. नाव बदलून 'टीएक्सटी_हमाली'सारखं ठेवा.

नग बदलूनही बेरीज जुनीच राहते, कारण ती ओळ अजून सेव्ह झालेली नसते. शिफ्ट-एंटर दाबून सेव्ह करा. तरीही हलली नाही तर एफ9.