मदत हवी आहे: कॉलेजच्या क्रीडा विभागाचा ब्रँड. नवा लोगो की आधी आहे ते नीट करावं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका छोट्या डिव्हिजन थ्री (कॉलेज-खेळांच्या तीन स्तरांपैकी तिसरा) कॉलेजच्या क्रीडा विभागात मी प्रसिद्धीचं काम बघते. स्टॅट्स, फोटो, वेबसाइट, लाइव्हस्ट्रीम, सगळं आम्ही दोघंच सांभाळतो. काम मनापासून आवडतं, पण आता एका ठिकाणी अडले आहे.

आमच्या नव्या अ‍ॅथलेटिक डिरेक्टरना नवा लोगो आणि नवा मॅस्कॉट हवा आहे. यंदाचं बहुतेक बजेट त्यातच संपेल. मला दुखणं वेगळं वाटतं. गेल्या महिन्यात मी सगळ्या संघांच्या जर्सी एका टेबलावर मांडल्या, तर आमचा निळा रंग पाच प्रकारचा निघाला. प्रत्येक कोच आपापल्या ओळखीच्या माणसाकडून टी-शर्ट छापून घेतो. कुणी जुना लोगो लावतो, कुणी नुसतं आद्याक्षर. प्रत्येक संघाचं इन्स्टाग्राम वेगळं. त्यातल्या दोन अकाउंटांचे पासवर्ड पदवी घेऊन गेलेल्या मुलांकडेच राहिलेत.

आणि जास्त टोचतं ते हे: अमेरिकन फुटबॉलचं पोस्टर हंगामाच्या महिनाभर आधी लागतं, महिला क्रॉस-कंट्रीचं मात्र वर्षभरात एकही लागलं नाही. त्या मुली पहाटे अंधारात धावायला निघतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, म्हणजे ही सगळी मुलं निव्वळ ओढीनं खेळतात. आमच्याकडे सांगण्यासारखं हेच आहे आणि तेच कुठे दिसत नाही.

डिरेक्टरना हे कसं पटवू? आणि पैसे थोडेच असतील तर सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १

ताई, मी डिव्हिजन वनच्या एका विद्यापीठात मार्केटिंगला होतो. तुमचं निदान बरोबर आहे. पाच निळे असताना नवा लोगो आणला, तर तोही पाच निळ्यांतच छापला जाईल. आधी रंगाचा पँटोन क्रमांक (छपाईत नेमकी छटा सांगणारा प्रमाण क्रमांक) ठरवा, लोगोच्या मूळ फायली एका ठिकाणी ठेवा आणि छपाईची ऑर्डर तुमच्या मंजुरीशिवाय जाऊ नये असा नियम डिरेक्टरांच्या सहीनं काढा. याला जवळजवळ काहीच खर्च नाही. कोच कुरकुरतील, पहिला हंगाम जड जाईल.

एका ठाम खुणेचं बळ काय असतं ते बॉयझी स्टेट या विद्यापीठाकडे बघून कळतं. १९८६ मध्ये त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर निळं टर्फ (कृत्रिम गवत) घातलं आणि आजही टीव्हीवर एका नजरेत ओळखू येतं. तुम्हाला टर्फ नको, पण एक गोष्ट निवडून ती वर्षानुवर्षं न बदलण्याचा हट्ट हवा.

महिला संघांबद्दल तर डिरेक्टरांशी स्पष्टच बोला. टायटल नाइन हा शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा १९७२ चा. त्याखालच्या १९७५ च्या नियमांत समान संधी तपासताना बघायच्या बाबींमध्ये ‘प्रसिद्धी’ नाव घेऊन दिली आहे. आणि प्रेक्षक येत नाहीत असं कुणी म्हणालं, तर ३० ऑगस्ट २०२३ चा नेब्रास्का विद्यापीठाचा महिला व्हॉलीबॉल सामना सांगा: फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ९२,००३ माणसं. ते प्रेक्षक एका पोस्टरनं आले नव्हते. २००१ पासून त्यांचे घरचे सामने हाऊसफुल्ल जात होते.

प्रतिसाद २

एक भर. छोट्या कॉलेजात तुमचा मुख्य वाचक स्टँडमध्ये नसतो. तो हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातला, कोचशी बोलणं झालेला मुलगा आणि त्याचे आईवडील. कॉलेजात प्रवेश घ्यायचा की नाही हे तेच ठरवतात. क्रॉस-कंट्रीच्या मुलींची ती पहाटेची रील करा, पण प्रशिक्षण, अभ्यास, प्रयोगशाळा असा त्यांचा पूर्ण दिवस दाखवा.

प्रायोजकाच्या जाहिरातीत खेळाडूचा चेहरा वापरणार असाल, तर आधी कम्प्लायन्सला (नियमपालन बघणाऱ्या विभागाला) विचारा. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नाव-चेहऱ्याचे व्यावसायिक करार करता येतात, त्यामुळे लेखी संमती घ्याच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ‘प्रसिद्धी’चा मुद्दा कायद्यात इतका स्पष्ट लिहिलाय हे मला ठाऊक नव्हतं. सोमवारी डिरेक्टरांना भेटतेय. त्या पाचही जर्सी सोबत नेणार आहे. पँटोन क्रमांक ठरवताना कापड आणि कागदावर रंग वेगळा उतरतो. त्यासाठी दोन क्रमांक ठेवावेत का? अनुभव असेल त्यांनी लिहा.