मदत हवी आहे: माल ७२ तास अडवून ठेवायचा, तरी सातव्या दिवशी वाटप कसं सुरू करू?

रेवा
जरा घाई आहे, उद्या सकाळी दहाला आराखडा द्यायचा आहे. आमच्या मदतसंस्थेची कागदावरची तालीम आहे आणि साहित्य पोचवण्याची बाजू माझ्याकडे आली आहे. परिस्थिती अशी दिली आहे: महासाथ चालू आहे, एका बेटसमूहावर मोठं चक्रीवादळ येऊन गेलं आहे. तिथे साथीचा एकही रुग्ण नाही, म्हणून सीमा बंद. बाहेरच्या माणसाने किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. बाहेरून आलेला माल ७२ तास वेगळा ठेवूनच हात लावायचा. पाणी आणि ताडपत्र्यांचं वाटप मात्र सातव्या दिवशी सुरू व्हायलाच हवं. माझं गणित दहाव्या दिवसावर जातंय. तीन दिवस कुठून वाचवू? "तज्ज्ञांना विचारा" सांगू नका, विचारून झालं.

गोदामवाला
माणसं किती? माल विमानाने की जहाजाने? धक्का शाबूत आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. उत्तर काय हवेत द्यायचं?

किनारा
जवळपास अशीच परिस्थिती घडून गेली आहे, फक्त वादळाऐवजी ज्वालामुखी होता. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटदेशात कोविडची साथ जवळपास नव्हतीच, आणि त्यांना ती येऊ द्यायची नव्हती. सगळी मदत स्पर्शाविना: माल उतरवायचा, तीन दिवस तसाच ठेवायचा, मग वाटायचा. विमानतळाच्या धावपट्टीवर राख होती. ती माणसांनी फावड्यांनी आणि हातगाड्यांनी हटवली तेव्हा कुठे २० जानेवारीला पहिली विमानं उतरली. तुमच्या आराखड्यात धावपट्टी कोण साफ करणार?

रेवा
धावपट्टी नाही, जहाज आहे. माणसं २४००, घरं ४८०. धक्का चालू आहे.

सर्वज्ञ_७
तीन दिवसांचा नियमच मुळात काढून टाका. मार्च २०२० च्या त्या गाजलेल्या प्रयोगात कोविडचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिक-स्टीलवर ७२ तासांपर्यंत सापडला होता. तो प्रयोगशाळेतला. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनेच सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी. खोक्याला घाबरून माणसं तहानलेली ठेवायची?

किनारा
नियम त्या देशाचा आहे, रेवाताईंचा नाही. तो काढा म्हणणारे आपण कोण? ज्यांच्याकडे मोजके दवाखाने आणि त्याहून मोजके व्हेंटिलेटर आहेत त्यांनी खबरदारी जास्त घेतली तर मला त्यात चूक दिसत नाही. त्याच मोहिमेत ऑस्ट्रेलियाच्या 'ॲडलेड' या नौदलाच्या जहाजावर वीसहून जास्त जण बाधित निघाले होते. तरी माल उतरला, कारण माणसं उतरली नाहीत.

सर्वज्ञ_७
आणि तरीही फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंदरावर काम करणारे दोघं बाधित निघाले आणि टाळेबंदी लागलीच. मग उपयोग काय झाला?

किनारा
तो संसर्ग 'ॲडलेड'वरून आला असं कुणी दाखवून दिलेलं नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की खोक्यापेक्षा धक्क्यावरच्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. उतरवणाऱ्यांची वेगळी टोळी करा, त्यांची राहायची सोय वेगळी, त्यांची तपासणी वेगळी.

सुलभाताई
स्वयंसेवकांनी जाण्याआधी चौदा दिवस विलगीकरणात राहावं. सोबत पुस्तकं न्यावीत, मन रमतं. मी राहिले होते. पहिले चार दिवस जड जातात, मग सवय होते.

रेवा
ताई, कुणीच जाणार नाहीये, तोच तर प्रश्न आहे. तीन दिवस कसे वाचवू, कुणी सांगेल का?

गोदामवाला
मूळ गोष्ट अजून सांगितली नाहीत. जहाजाला पोचायला किती दिवस लागतात?

रेवा
पाच. दुसऱ्या दिवशी निघतं, सातव्या दिवशी सकाळी पोचतं. त्यात तीन मिळवले की दहा. हे लिहायचं राहिलं, मला वाटलं कळेलच.

गोदामवाला
अहो, मग तुमचे तीन दिवस समुद्रातच आहेत! माल चढवला की जहाजाची कोठी बंद करा, सील लावा, सीलचा क्रमांक आणि वेळ फोटोसकट तिकडच्या अधिकाऱ्यांना पाठवा. पाच दिवस कोठीत कुणी गेलंच नाही तर ७२ तास वाटेतच पूर्ण झाले. प्रश्न फक्त मोजणी कुठून सुरू करायची याचा. ते परस्पर ठरवू नका. माल निघण्याआधी त्यांच्याकडून लेखी मान्यता घ्या. "नाही" म्हणाले तर आराखड्यात दहावा दिवस लिहा आणि मधल्या काळासाठी तिथल्या साठ्यावर भर द्या.

सील फक्त धक्क्यावर तोडायचं. क्रेनचा गळ जहाजावरचा माणूस लावेल, खाली सोडवेल तिथलाच माणूस. दोघांच्या मध्ये फक्त पॅलेट, म्हणजे माल रचलेली फळी.

रेवा
हे मला सुचलंच नव्हतं. मनापासून आभार. आता पाणी. माणशी रोज १५ लिटर धरलं तर ३६,००० लिटर, म्हणजे दिवसाला ३६ टन. सात दिवसांचं बाटलीबंद पाणी जहाजात बसत नाही.

पाणपोई
स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांतले १५ लिटर पिणं, स्वयंपाक, धुणं, अंघोळ सगळं धरून आहेत. ते बाटल्यांतून कुणी नेत नाही. क्लोरीनच्या ६७ मिलिग्रॅमच्या एका गोळीत २० लिटर स्वच्छ दिसणारं पाणी शुद्ध होतं. ३६,००० लिटरला दिवसाला १८०० गोळ्या लागतील, आठवड्याच्या सगळ्या मिळून एका खोक्यात मावतील. सोबत घरटी दोन घडीचे कॅन द्या, म्हणजे ९६०. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळून घ्यायचं.

किनारा
विहिरीत समुद्राचं पाणी शिरलं असेल तर? गोळीने जंतू मरतात, मीठ जात नाही. सखल बेटांवर वादळाच्या लाटा विहिरी खाऱ्या करून जातात. न्यूझीलंडचं 'आओतेआरोआ' जहाज टोंगाला गेलं ते अडीच लाख लिटर पाणी घेऊन, शिवाय दिवसाला ७०,००० लिटर गोडं पाणी तयार करायची सोय त्यावर होती. विहिरींचं काय झालं ते आधी विचारा.

पाणपोई
बरोबर आहे, हे मी धरलं नव्हतं. मग दोन्ही पाठवा. गोळ्यांचं ओझं काहीच नाही, आणि खारं पाणी गोडं करणारं लहान यंत्र चालवायला इंधन आणि एक शिकलेला माणूस लागतो, तोही लिहून ठेवा.

विचारमंथन
निवाऱ्यासाठी शाळांत गर्दी होऊन संसर्ग पसरेल त्याचं काय? २० मे २०२० ला अम्फान चक्रीवादळ आलं तेव्हा बांगलादेशाने अंतर राखायला बारा हजारांहून जास्त निवारे उघडले होते.

रेवा
निवाऱ्याचा भाग दुसऱ्या गटाकडे आहे, त्यांना कळवते.

आकाश_क
ड्रोन वापरा. भविष्य तेच आहे.

गोदामवाला
३६ टन? औषधाच्या लहान पेटीसाठी ठीक, ताडपत्रीसाठी नाही. आणि रेवाताई, कुणी जुन्या कपड्यांचे गठ्ठे पुढे केले तर नाही म्हणा. ते निवडायला माणसं लागतात, नेमकी तीच तिथे कमी आहेत.

जीर्णवस्त्र
कपडे देणाऱ्यांच्या भावना असतात. सरसकट नाही म्हणू नये.

गोदामवाला
भावनांचा आदर आहेच. धक्क्यावर ओले होऊन कुजलेले गठ्ठे मी उचलले आहेत, म्हणून सांगतो.

रेवा
शेवटचं. वाटप कसं होतंय ते इथून व्हिडिओ कॉलवर बघत राहू असं लिहिलं आहे. चालेल ना?

किनारा
नाही चालणार. टोंगात समुद्राखालची केबल तुटली ती जवळपास पाच आठवडे दुरुस्त होत होती. वादळात मनोरे पडले की तुमचा कॉल लागणारच नाही. उपग्रह फोन एखादाच असतो, तो यादी वाचून दाखवायला मिळत नाही. ६ एप्रिल २०२० ला हॅरॉल्ड वादळ वानुआतू या बेटदेशावर आलं तेव्हाही सीमा बंद होत्या, बाहेरचे तज्ज्ञ येऊच शकले नाहीत. पुढे झालेलं काम तिथल्याच लोकांच्या हातून झालं. म्हणून यादी कुणाची, आधी कुणाला, हे त्यांना ठरवू द्या. तुम्ही फक्त खोकं असं भरा, की इथल्या कुणालाही न विचारता ते उघडून वापरता आलं पाहिजे.

गोदामवाला
यावर माझा अनुभव सांगतो. एकदा आमच्याकडे दोनशे खोकी आली, चिठ्ठ्या फक्त वरच्या बाजूला. पाच थर रचल्यावर वरचा थर सोडून एकही चिठ्ठी दिसेना. दोघांनी अख्खा दिवस खोकी उतरवली आणि परत चढवली. तेव्हापासून चिठ्ठी दोन शेजारच्या बाजूंवर, पाण्याने न पुसणाऱ्या शाईने, तिथल्या भाषेत, चित्रासकट. यादीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत पॅलेटच्या आत, एक बाहेर.

दुसरं, ताडपत्र्या एका खेपेत आल्या आणि दोर-खिळे-हातोडी दुसऱ्या. आठ दिवस ताडपत्र्यांचे गठ्ठे नुसते पडून, कारण बांधायला काहीच नाही. घरटी दोन ताडपत्र्या आणि त्यांचं बांधायचं सामान एकत्रच बांधा. आणि सातव्या दिवशी जे लागणार आहे ते जहाजात सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरेल.

सुलभाताई
साबण विसरू नका गं. साथीत हात धुणं सगळ्यात आधी.

रेवा
ताई, खरंच विसरले होते. माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाचा साबण धरला तर ६०० किलो. कॅनच्या खोक्यांतच बसवते.

आत्ताची स्थिती: सीलच्या वेळेचं पत्र तयार, मान्यता मिळाली तर सातवा दिवस, नाही तर दहावा, दोन्ही रकाने ठेवले आहेत. विहिरींचा प्रश्न पत्रात पहिला टाकला. व्हिडिओ कॉल खोडला. दोर ताडपत्र्यांच्या पॅलेटवर हलवले, चढवायचा क्रम उलटा केला. चित्रांच्या चिठ्ठ्या राहिल्या आहेत. कुणाकडे पाण्याच्या गोळीचं अगदी साधं, बघताच कळेल असं चित्र असेल तर आज रात्रीतच इथे टाका.

पाणपोई
काढून देतो. अर्धा तास द्या.