सोसायटीचं ड्रिल किट: चार मशिनी की दोनच?

ए-१०४ (सचिव): नमस्कार मंडळी. सोसायटीसाठी बॅटरीवर चालणाऱ्या मशिनींचा १८ व्होल्टचा कॉम्बो सुचवलाय. ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देत स्क्रू पिळणारं मशीन), ग्राइंडर, सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत), २ एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर. मतं कळवा.

सी-३०२: साहेब, आधी आपल्या भिंती बघा. कॉलम-बीम आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, आणि मधल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या. किटमधल्या ड्रिलवर हातोडीचं चिन्ह असलं तरी आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून खडखडत जातात, बस. तुम्ही जेवढं रेटाल तेवढाच ठोका. विटेत चालून जातं. आरसीसीत ८ मिमीचं भोक पाडायला गेलात की बिट जागच्या जागी फिरतं, तापतं आणि टोकाचं कार्बाइड निघून येतं. तिथे एसडीएस-प्लसचा (बिट खटकन अडकवायच्या खाचेचा) रोटरी हॅमरच हवा. त्यात पिस्टन हवेच्या दाबाने ठोकतो, आपण फक्त धरायचं. वायरवालाच घ्या, २ किलो वर्गातला, ६०० ते ८०० वॅट. मध्येच सळई लागली तर जोर करू नका, इंचभर बाजूला सरका. आणि बीममध्ये खोल भोक नकोच.

बी-५०१: काका, सिपोरेक्सलाही तोच हॅमर?

सी-३०२: नाही ताई, तिथे ठोका बंद, नुसतं फिरवायचं. ठोक्याने ब्लॉकचा भुगा होतो, भोक मोठं होतं आणि स्क्रू पिळताना गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) सोबत गोल फिरते. सिपोरेक्सची लांब नायलॉन गिट्टी वेगळी मिळते. भिंतीवरच्या कपाटाला तीच लावा.

डी-२०३: बॅटरीचं गणित पण बघा. १८ व्होल्ट गुणिले २ एएच म्हणजे ३६ वॅट-तास. ग्राइंडर जोरात चालताना ७०० वॅट खेचत असेल तर तीन मिनिटांत खलास. ग्राइंडर आणि सॉला किमान ४ एएच लागते. खोक्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका. आत तेच पाच सेल असतात. पूर्ण चार्जला २० च्या आसपास, एरवी १८. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशिनला बसत नाही, म्हणून आज जी घ्याल तिच्याशीच पुढे बांधले जाल.

बी-५०१: इम्पॅक्ट ड्रायव्हर तरी लागतो का?

डी-२०३: लांब स्क्रू आणि घट्ट बोल्टना उत्तम. बिजागरीच्या छोट्या स्क्रूला नको. साध्या इम्पॅक्टला क्लच (ठरावीक जोरानंतर पिळणं थांबवणारी सोय) नसतो, स्क्रूचं डोकं प्लायमध्ये रुततं किंवा खाच झिजते. तिथे ड्रिलच वापरा, क्लचची रिंग ४-५ वर ठेवून हळूहळू वाढवा.

ए-४०५: बाथरूमच्या टाइलला?

सी-३०२: दादा, ठोका बंद. खूण करून मास्किंग टेप लावा, भाल्याच्या टोकाचं बिट, स्पीड कमी. विट्रिफाइड असेल तर डायमंड बिट आणि पाण्याची धार. टाइल पार झाली की बिट बदला. नळ आणि शॉवरच्या सरळ वर-खाली भोक पाडूच नका, आत पाइप असतो. स्विचबोर्डच्या वर-खालीही तसंच, तिथे वायरिंग असतं.

डी-२०३: ग्राइंडर आणि सॉ मात्र घराघरांत फिरवू नका. ग्राइंडरचं गार्ड काढून लाकडाचं ब्लेड लावतात, ते अडकलं की मशीन हातातून उसळतं.

ए-१०४ (सचिव): मग वायरचा रोटरी हॅमर, आणि १८ व्होल्टचं ड्रिल व इम्पॅक्ट ड्रायव्हर, ४ एएचच्या दोन बॅटऱ्यांसह. या यादीचं कोटेशन मागवतो. चार्जिंग मीटर रूममध्ये ठेवू का?

डी-२०३: नको साहेब. ऑफिसात, कोणी बसलेलं असताना. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच लावू नका, आणि महिनाभर पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज करून ठेवा.