मदत हवी आहे: धाकटी बहीण 'ग्रुप थेरपी'त पार अडकलीय

मंडळी, बहीण दीड वर्षापासून पुण्यात एका 'ग्रुप थेरपी'ला जाते. सुरुवातीला खरंच फरक पडला, झोप लागायला लागली. आता मात्र आईचा फोन घ्यायचा की नाही हेही 'सर' ठरवतात. सत्राआधी सगळ्यांचे मोबाइल टोपलीत. मग एकाला मध्ये बसवून बाकीचे त्याचे दोष काढतात. एकदा तिने आईला लिहिलेली चिठ्ठीच तिथे मोठ्याने वाचून दाखवली. रडली, तर म्हणे 'प्रगती'!

मला अमेरिकेतलं सिनॅनॉन आठवलं. १९५८ मध्ये चार्ल्स डेडरिचने व्यसनमुक्तीसाठी सुरू केलेलं. तिथेही गोल बसून एकमेकांवर तुटून पडायचे, त्याला 'गेम' म्हणत. पुढे जोडप्यांना वेगळं व्हायला लावलं आणि १९७८ मध्ये विरोधातल्या वकिलाच्या टपालपेटीत रॅटलस्नेक (विषारी साप) सोडला. (आमचं प्रकरण तिथवर गेलेलं नाही, पण धास्ती वाटतेच.)

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते ना? सर स्वतःला नुसतं 'मार्गदर्शक' म्हणवतात. मग तक्रार कुणाकडे करायची? आणि सरांविरुद्ध एक शब्द काढला की ती फोन ठेवते. कुणी आपलं माणूस अशातून बाहेर काढलंय का? बोलायला सुरुवात कुठून केलीत?