दुपारचे राग: मिडियम वेव्हवर की ॲपवर?

खर्जपंचम
वृंदावनी सारंग, भीमपलासी, मुलतानी हे दुपारचे राग रेडिओवर लागले की ते मिडियम वेव्हवरच ऐकावेत, असं माझं ठाम मत आहे. दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) 'डी' थर या लहरी शोषून घेतो. त्यामुळे लांबची स्टेशनं पोचतच नाहीत आणि जवळचं स्टेशन जमिनीलगतच्या लहरींवर स्वच्छ येतं. रात्री तो थर विरला की स्टेशनं एकमेकांवर चढतात. ॲपवर बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) कमी, म्हणजे 32 केबीपीएसच्या आसपास असला, की पहिला बळी तानपुऱ्याचा. जवारीचा, म्हणजे तार घोडीला घासून उठणारा, सलग झणकार पाण्याखालून आल्यासारखा डचमळतो.

चाटकिनार
अजिबात पटलं नाही. मिडियम वेव्हचे चॅनेल बहुतेक देशांत 9 किलोहर्ट्झ अंतरावर असतात, म्हणून साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं गळतं. तबल्याच्या 'ना'ची धार बोथट होते, बंदिशीतले 'स' आणि 'फ' सारखेच वाटू लागतात. एफएमवर 15 किलोहर्ट्झपर्यंत आवाज मिळतो. 96 केबीपीएसचं चांगलं स्ट्रीमही मिडियम वेव्हपेक्षा सरस.

खर्जपंचम
धार जाते, मान्य. पण तानपुऱ्याचं गणित करून बघा. सा काळी 1 (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल तर तो सुमारे 139 हर्ट्झ, खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, तार 69. तीन इंची स्पीकर इतक्या खाली उतरतच नाही. तरी खर्ज ऐकू येतो, कारण जवारीनं उठवलेल्या उपस्वरांवरून (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांवरून) कानच मूळ स्वर जुळवतो. असे साठाहून जास्त उपस्वर साडेचार किलोहर्ट्झच्या आत बसतात!

मंद्रसा
दोघंही स्टेशनवरच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे लहानमोठा आवाज आपोआप एकसारखा करणाऱ्या यंत्राला, विसरताय. भीमपलासीत 'नि सा म' घेऊन गायक मध्यमावर थांबतो. ती शांतता रागाचीच असते. नेमका तिथेच कॉम्प्रेसर तानपुरा वर उचलतो आणि पुढच्या स्वराला दाबून टाकतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, हे फार खुपतं, आणि ते मिडियम वेव्ह, एफएम, ॲप तिन्हीकडे होतं. ऐकणाऱ्याच्या हातात त्यावर काही इलाज नाही.

बाकी घरघर आली तर आधी मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा, रेडिओ सेलवर चालवा. सेट खिडकीशी ठेवून सावकाश फिरवा. आतल्या फेराइट दांड्याचं (मिडियम वेव्हच्या एरियलचं) टोक स्टेशनकडे असलं की आवाज सर्वांत क्षीण येतो, दांडा स्टेशनच्या दिशेला काटकोनात हवा.

चाटकिनार
एवढी खटपट करायचीच तर एफएमवर करा. एरियल पाऊण मीटर बाहेर काढा आणि स्टिरिओ बंद करून मोनो लावा. क्षीण सिग्नलवरची सगळी खरखर बहुतेक स्टिरिओमुळेच असते. एकच गायक आणि साथीदार ऐकताना मोनोत काहीही हरवत नाही.

खर्जपंचम
मोनोचं शंभर टक्के खरं. पण एफएम साधारण दृष्टिरेषेतच चालतं. स्टेशनपासून शंभर किलोमीटरवर, डोंगराआड बसलेल्या माणसाला मुलतानी आजही मिडियम वेव्हच पोचवते.