धुऱ्याचा वाद आणि ‘जे सौम्य ते धन्य’

प्रश्न – शेतकरी, बदनापूर तालुका, जि. जालना

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातले येशूचे धन्योद्गार, म्हणजे ‘जे अमुक ते धन्य’ अशी वचने, आमच्या घरात लहानपणापासून सर्वांना तोंडपाठ आहेत. परंतु ते पाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला सध्या शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) पडलेला आहे. आई-वडील वारल्यानंतर आम्हा तीन भावंडांपैकी दादाच्या आणि माझ्या नावे जमीन निम्मी निम्मी झाली. आमची राने एकमेकांना लागून आहेत. गेली काही वर्षे उन्हाळी नांगरटीच्या वेळी दादाचा ट्रॅक्टर धुऱ्यातून एखादे तास (नांगराची ओळ) जास्तीचे काढतो. पूर्वी ज्या धुऱ्यावरून बैलगाडी जात असे, तेथे आता माणसांना एकामागे एक चालावे लागते आणि लिंबाच्या झाडाची मुळे त्याच्या बाजूने उघडी पडली आहेत.

घरची मंडळी म्हणतात की सरकारी मोजणी आणावी आणि हा विषय एकदाचा मिटवावा. दादा आमच्याच मंडळीत (चर्चमध्ये) आहे, कमिटीवर आहे, आणि रविवारी आम्ही एकाच रांगेत बसून प्रभुभोजन घेतो. मी मोजणीचा अर्ज केला, तर ‘जे सौम्य ते धन्य’ हे वचन मी मोडतो का? आणि केला नाही, तर माझ्या भित्रेपणालाच मी सौम्यता म्हणत आहे का?

उत्तर – निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून तंटा झाला, तेव्हा वयाने आणि मानाने मोठा असूनही अब्राहामाने निवडीचा हक्क पुतण्याला दिला. करिंथच्या मंडळीतले भाऊ एकमेकांना न्यायालयात खेचत होते, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना विचारले की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही. दोन-चार तासांची जमीन गेल्याने कोणी उपाशी मरत नाही. भाऊ एकदा तुटला की तो सहसा परत जोडला जात नाही.

उत्तर – पाळक, छत्रपती संभाजीनगर

गुरुजींचा दाखला चुकीचा नाही, मात्र तो अर्धाच आहे. अब्राहामाने जे सोडले ते स्वतःहून आणि उघडपणे सोडले, दोघांनी समोरासमोर बोलल्यानंतर सोडले. आपल्या प्रश्नकर्त्या बंधूंनी काही सोडलेलेच नाही. त्यांच्याकडून ते दरवर्षी थोडे थोडे घेतले जात आहे आणि ते मनातल्या मनात त्याचा हिशेब ठेवत आहेत. अशा गप्प बसण्याला मी सौम्यता म्हणणार नाही. पृथ्वीवरील सर्व माणसांपेक्षा नम्र होता, असे पवित्र शास्त्र ज्याच्याविषयी सांगते, तो मोशे फारोच्या दरबारात जाऊन उभा राहिला होता; आणि महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली, तेव्हा ‘मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस’ असे प्रभूने स्वतः विचारले. त्याने उलट हात उचलला नाही, परंतु प्रश्न विचारायचेही सोडले नाही.

हे धन्योद्गार वाचताना आपण एक-एक सद्गुण वेगळा काढतो आणि त्याचेच वजन करत बसतो. जो सौम्य आहे त्यालाच पुढच्या ओळीत नीतिमत्त्वाची भूक आणि तहान लागलेली आहे, तोच दयाळू आहे आणि तोच शांती करणारा आहे, असे मानून ही वचने वाचली, तर अर्थ पुष्कळ उलगडतो. ‘जे सौम्य ते धन्य’ याला जोडलेले ‘सौम्य लोक वतन (जमिनीचा वारसा) पावतील’ हे आश्वासन मुळात सदतिसाव्या स्तोत्रातले आहे, आणि ते स्तोत्र दुष्टांची भरभराट पाहून ज्यांचा जळफळाट होतो त्यांना उद्देशून आहे. जमीन कोणाकडे राहते, हाच त्यातला खरा घोर आहे. आपल्या भागातल्या ख्रिस्ती लोकांना तो परका वाटू नये; एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, तेव्हा त्यांनीही नवख्रिस्ती कुटुंबांच्या शेतीचा विचार केला होता.

शेजाऱ्याची हद्दीची खूण सरकवणाऱ्याला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शाप सांगितला आहे, म्हणजे हद्द ठाऊक असणे हे पाप नव्हे. आता मोजणीविषयी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, आणि ती नोटीस हातात पडून दादांना ही गोष्ट प्रथम कळणार असेल, तर तुम्ही शांती करणारे ठरत नाही. अर्ज लिहिण्यापूर्वी त्यांच्याकडे जा. ‘माझी समजूत चुकीची असली तर मी मागे सरकेन’ हे आधी बोला आणि मग दोघांच्या सहीने एकच अर्ज द्या. ते नाही म्हणाले, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे मंडळीतल्या एक-दोन जाणत्यांना सोबत घेऊन पुन्हा जा. त्यानंतरही अर्ज एकट्याने करावा लागला, तरी तो लपवून केलेला नसेल.

उत्तर – वकील, लातूर

मोजणीविषयी पाळकांनी योग्य सांगितले आहे. मोजणी झाल्यावर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, हद्दीच्या खुणा आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दिसतात, त्यामुळे अतिक्रमण किती हे तोंडी वादाऐवजी कागदावर येते. मला मात्र मूळ प्रश्नातले एक वाक्य खटकले. भाऊ, तुम्ही ‘तीन भावंडांपैकी’ असे लिहिले आहे आणि जमीन दोघांच्या नावे निम्मी निम्मी झाल्याचे सांगितले आहे. तिसरे भावंड बहीण असावी, असा माझा अंदाज आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला आणि पती किंवा पत्नी हयात नसली, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो. म्हणजे येथे प्रत्येकी एक तृतीयांश. ताईंनी हक्कसोड पत्र दिले असल्यास ते समजून-उमजून दिले, की माहेर तुटू नये म्हणून दिले, हे तुम्हालाच ठाऊक असणार. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बहिणी दुसरे कारण सांगतात, आणि तेही भाऊ खोलीबाहेर गेल्यावर.

नीतिमत्त्वाची भूक धुऱ्याच्या आपल्याच बाजूला लागते आणि बहिणीच्या वाट्यापाशी भागते, असे आपल्या घरोघरी चालते. ‘माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा’ असे एकाने येशूला म्हटले, तेव्हा त्याने वाटणीदार व्हायला नकार दिला आणि लोभापासून सावध राहायला सांगितले (लूक १२). तो इशारा त्याने दोन्ही भावांना दिला होता, असे मला वाटते. दादांकडे जाण्यापूर्वी ताईंशी बोला.

उत्तर – निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

वकीलबाईंचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही मोजणीविषयीचे माझे मत कायम आहे. बहिणीला वाटा द्यायला भूकरमापक लागत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. अक्काने वडील गेले त्याच वर्षी हक्कसोड पत्रावर सही केली होती. तिला आम्ही काय विचारले होते, हे आठवून पाहिले तर विचारलेच नव्हते. ती परतूरला असते. या शनिवारी मी तिच्याकडे जाणार आहे आणि शक्य झाले तर दादालाही सोबत घेणार आहे, कारण हा विषय निघाला तर तो दोघांसमोर निघायला हवा. तुरीची काढणी होईपर्यंत मोजणीचा अर्ज थांबवतो, कारण उभ्या पिकात साखळी फिरवता येणार नाही, असे तलाठ्यानेही सांगितले आहे. वकीलताईंना एक विचारायचे आहे: हक्कसोड पत्र नोंदणीकृत असेल आणि आता अक्काला तिचा वाटा द्यायचा असेल, तर बक्षीसपत्र करावे लागते की दुसरा काही मार्ग आहे?